इसार

भुसावळात माझं गेम पार्लर होतं, हे माझ्या मुलाला आजही खरं वाटत नाही. २००५ ते २०११, सहा वर्षं. एका किराणा दुकानाच्या वरची दहा बाय बाराची खोली, तीन टीव्ही, तीन पीएस-टू (सोनीची प्लेस्टेशन-टू, टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन, म्हणजे कन्सोल), सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. तासाला पंधरा रुपये. अर्ध्या तासाला आठ, कारण साडेसात मागून पन्नास पैशांचा हिशोब कोण ठेवणार? कंट्रोलरला कोणी कंट्रोलर म्हणत नव्हतं, तो 'रिमोट'. डीव्हीडीसुद्धा 'सीडी'च. रिमोटच्या डाव्या दांडीवरचं रबर पोरांच्या अंगठ्यांनी दोन महिन्यांत गुळगुळीत व्हायचं. मग सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून मी त्यावर चिकटवायचो. वहीत नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आणि दिवसभर कानावर एकच वाक्य, "दादा, पाचच मिनिटं, सेव्ह होऊ द्या."

सेव्ह होणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आठ एमबीचं मेमरी कार्ड, तेही सगळ्यांत मिळून तीन. एकाने सेव्ह करताना दुसऱ्याचं पुसलं की जिन्यात मारामारी. काही पोरांनी पैसे साठवून स्वतःचं कार्ड घेतलं होतं. त्यावर जखमेची पट्टी चिकटवून बॉलपेनने नाव लिहिलेलं असायचं. खिशात कार्ड घालून हिंडणाऱ्या पोराचा तोरा काही वेगळाच.

त्यात भारनियमन. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या. वीज आमच्या उशाशी तयार व्हायची आणि अंधारात बसायचोही आम्हीच. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक टीव्ही कसाबसा चालायचा. दिवे गेले की खोलीतून एकच आरोळी उठायची आणि मग कोणीतरी हळूच विचारायचं, "वेळ थांबवली ना दादा?"

पार्लर चालवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. पोरं मशीनसाठी येत नाहीत, गेमसाठी येतात. मशीनवर कोणत्या कंपनीचं नाव आहे, हे त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं. "स्मॅकडाऊन आहे का? गॉड ऑफ वॉर आहे का? सॅन अँड्रियास?" असेल तर चपला काढायच्या, नसेल तर जिन्यावरूनच परत. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर मोजले ते याच जिन्यावरून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. माझ्याकडे मोजायला तेवढे नव्हते, एवढाच काय तो फरक.

एक पोरगं दिवाळीत पुण्याला आत्याकडे गेलं आणि परत आल्यावर माझ्या मागेच लागलं. "दादा, हॅलो आणा ना. तिकडे भावाकडे आहे. काय भारी आहे!" मी म्हणालो, "ती आपल्या मशीनवर चालत नाही." "का?" मी दुकानदारी थाटात सांगून टाकलं, "पेट्रोलच्या गाडीत डिझेल घालतं का कोणी? तसंच." त्याला पटलं. खरं तर मलाही तेच वाटत होतं.

उत्तर चुकीचं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. हॅलो हा गेम जगासमोर पहिल्यांदा दाखवला तो १९९९ मध्ये, ॲपलच्या कार्यक्रमात, खुद्द स्टीव्ह जॉब्स यांनी. तो बनवणारा बंगी हा स्टुडिओ मॅकसाठी गेम करणारा म्हणून ओळखला जायचा. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओच विकत घेतला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांचं एक्सबॉक्स हे मशीन बाजारात आलं तेव्हा त्याच्यासोबत हॅलो होता. पेट्रोल-डिझेलचा काही संबंध नव्हता. रोपं लावताना एका ट्रकचा विचार होता, घड दुसऱ्याच ट्रकमध्ये चढले.

घड म्हटलं की माझे वडील, आप्पा, आठवतात. आमचं गाव सावद्याजवळ. केळीशिवाय दुसरं बोलणं नाही असा तो पट्टा. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग. नवतीचा भाव वेगळा, वापसीचा वेगळा. सावदा स्टेशनवरून दिल्लीला जाणाऱ्या वॅगन. मी दहावीत असताना आप्पांनी उभ्या बागेचा सौदा केला. व्यापाऱ्याने इसार, म्हणजे सौद्याचा आगाऊ पैसा, दिला, भाव ठरला, हातावर हात पडला. आणि घड कापणीला आले तेव्हा नेमका भाव पडला. व्यापारी काही येईना. उद्या येतो, परवा माणसं पाठवतो, गाडी मिळाली नाही. तोवर दुसरा एकजण बांधावर येऊन उभा राहिला. भाव कमी सांगत होता, पण रोख देत होता आणि दुसऱ्या दिवशी कापणी लावायला तयार होता. मी आप्पांना म्हणालो, देऊन टाका. आप्पा म्हणाले, "इसार घेतला ना आपन? मंग दुसऱ्याले कसं इकू?"

घड झाडावरच पिवळे पडायला लागले. वापसीच्या भावात गेले शेवटी. आई महिनाभर त्या व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. आप्पा मात्र गप्प. खूप दिवसांनी एकदा मी तो विषय काढला तर म्हणाले, "त्याच्याच पैशावर खत टाकलं होतं. तो इसार नसता तं बाग उभीच नसती राह्यली."

आप्पांच्या या दोन वाक्यांच्या मधोमध कन्सोल गेमचा सगळा धंदा बसलेला आहे, असं मला वाटतं. कोणा कंपनीने पैसे देऊन एखादा गेम 'फक्त आमच्याकडे' करून घेतल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: हा पैसा खताचा, की कुलपाचा?

खताचा पैसा असतो. बेयोनेटा नावाचा गेम आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर होता. दुसऱ्या भागाला पैसा लावायला निन्टेंडो पुढे आली आणि २०१४ मध्ये तो फक्त त्यांच्या वी-यू या मशीनवर निघाला. आधीच्या चाहत्यांनी केवढा आरडाओरडा केला! पण पैसा आला नसता तर गेमच आला नसता. इथे रागावायचं कोणावर? आप्पांसारखं गप्प बसावं.

कुलपाचा पैसा मला माझ्या खोलीत भेटला. २००९ मध्ये मी कर्ज काढून एक पीएस-थ्री घेतला, मुख्यतः जीटीए-फोरसाठी. हा गेम २००८ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर एकाच दिवशी आला होता. मला वाटलं, झालं, आता भांडण मिटलं. कारण त्याआधी आम्ही मजेत होतो: त्याच मालिकेतला सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४ मध्ये पीएस-टूवर आला आणि एक्सबॉक्सवाल्यांना पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागलं. दुसरा थांबतोय तोवर थांबण्याचं दुःख कळत नाही. या वेळी पाळी आमच्यावर आली. मायक्रोसॉफ्टने त्याच गेमच्या दोन जादा कथांसाठी ५ कोटी डॉलर मोजले होते. गेम सगळ्यांचा, पण पुढची गोष्ट फक्त एक्सबॉक्सवर. पहिली कथा फेब्रुवारी २००९ मध्ये आली, प्लेस्टेशनला मिळायला एप्रिल २०१० उजाडला. पोरांना ही बातमी माझ्याआधी लागायची. "दादा, तुम्ही चुकीचं मशीन घेतलं." कर्जाचा चौथा हप्ता भरून आलेल्या माणसाला हे ऐकायला कसं वाटतं, सांगता येणार नाही.

त्या ५ कोटींनी गेममध्ये एक नवी गल्ली बांधली असेल, नाही म्हणत नाही. पण भाव लावला गेला तो चौदा महिन्यांच्या कुलपाचा. कॉल ऑफ ड्यूटीचे नवे नकाशे कित्येक वर्षं आधी एक्सबॉक्सवर यायचे, महिन्याभराने प्लेस्टेशनवर. २०१५ मध्ये पाटाच्या पाण्याची पाळी बदलली आणि आधीचा मान प्लेस्टेशनला मिळाला. नकाशे तेच, बनवणारेही तेच. शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी उशिरा पोचावं, यासाठी मोजलेले पैसे. त्याच वर्षी टूम रेडरचा नवा भाग एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशनला वर्षभराने मिळाला. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकासमोर मायक्रोसॉफ्टने तक्रार केली की सोनी काही गेम आमच्या गेम पासवर (वर्गणी भरून गेम खेळायच्या सेवेवर) येऊ नयेत म्हणून पैसे देते. जीटीएच्या कथा अडवणाऱ्याने ही तक्रार करावी, यावर आमच्या गावच्या पारावर चांगला तासभर हशा झाला असता.

इथे मी जरा कबुली देऊन टाकतो, नाहीतर कोणी जुना गिऱ्हाईक वाचेल आणि हसेल. माझे तिन्ही पीएस-टू चिप मारलेले होते, म्हणजे नकली सीड्याही चालतील असे. सीड्या कुठल्या आणि कितीला, ते विचारू नका. तेव्हा आमच्या भागात सगळ्याच पार्लरांचं तसंच होतं. म्हणजे ज्या करारांवर मी आज एवढं बोलतोय, त्यातल्या कोणालाच माझ्या खोलीतून एक छदाम मिळाला नाही. कदाचित म्हणूनच आमच्याकडची पोरं कुठल्याच कंपनीची भक्त झाली नाहीत. भक्ती करायला आधी दक्षिणा टाकावी लागते.

पार्लरमध्ये सगळ्यात जास्त चालला तो मात्र क्रिकेट-०७. नोव्हेंबर २००६ चा. त्यातही इसाराची भानगड होतीच. परवाना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचा, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं वेडीवाकडी करून घातलेली. पोरं ती नावं वाचून आधी हसायची, मग चिडायची, आणि मग शेजारच्या सायबर कॅफेतून कॉम्प्युटरवाल्या आवृत्तीची दुरुस्त नावं आल्याची बातमी आणायची. तो गेम काढणाऱ्या ईएने त्यानंतर क्रिकेटचा मोठा कन्सोल गेम परत केलाच नाही. अमेरिकेत याच कंपनीने २००४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या फुटबॉल लीगचा एकहाती परवाना घेतला. त्याआधी स्पर्धकाचा गेम २० डॉलरला विकला जात होता आणि लोक उड्या मारून घेत होते. परवाना गेला आणि तो स्पर्धक त्या मैदानातून उठला. पुढे कर्माने उलटा फेरा घेतला: २०१९ मध्ये इटलीच्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबचा करार ईएची स्पर्धक कोनामी हिच्याकडे गेला आणि ईएच्या फिफा-२० मध्ये त्या क्लबला 'पिएमोंते काल्चो' असं नाव द्यावं लागलं. रोनाल्डो पिएमोंते काल्चोचा! आमच्या वेड्यावाकड्या नावांचा सूड कोनामीने घेतला, असं मला तेव्हा उगाच वाटलं.

इसार म्हणजे एका हंगामाचा व्यवहार. शेतच खरेदी केलं तर कटकटच नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी तेच केलं. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये माइनक्राफ्टवाली मोजांग २५० कोटी डॉलरला घेतली, २०२१ मध्ये बेथेस्डा स्टुडिओची मालक झेनिमॅक्स ७५० कोटींना. गंमत बघा, शेताचा मालक एकच, पण माइनक्राफ्ट सगळ्यांच्या ताटात राहिला आणि बेथेस्डाचा स्टारफील्ड २०२३ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशनवर नव्हता. म्हणजे विकत घेतलं की कुलूप लागतंच, असंही नाही. मालकाची मर्जी.

आणि मग जानेवारी २०२२. मायक्रोसॉफ्टचा नवा सौदा: कॉल ऑफ ड्यूटीवाली ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड, ६,८७० कोटी डॉलर. मी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक डिस्प्ले बदलत होतो, हातातला चिमटा खाली ठेवला आणि आकडा परत वाचला. एवढा पैसा मुख्यतः एका पिलबागेसाठी! केळीवाल्यांना सांगायला नको: एकदा नवती निघाली की त्याच कंदाच्या पिलांपासून पुढचं पीक घ्यायचं, लागवडीचा खर्च नाही. कॉल ऑफ ड्यूटी म्हणजे तेच. दरवर्षी त्याच कंदाचं नवं पिल. सोनीला भीती पडली की हे घड आता आपल्या दारात येणार नाहीत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खटला भरला, ब्रिटनच्या नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये नकार दिला. जुलैत अमेरिकेच्या न्यायालयाने सौदा अडवायला नकार दिला आणि त्याच महिन्यात कॉल ऑफ ड्यूटी दहा वर्षं प्लेस्टेशनवर ठेवण्याचा करार सोनीशी झाला. क्लाउडवरून खेळवण्याचे हक्क युबिसॉफ्टला द्यायचं ठरल्यावर ब्रिटननेही होकार दिला आणि १३ ऑक्टोबर २०२३ ला सौदा पूर्ण झाला. एकवीस महिने. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायलाही एवढा वेळ लागू शकतो, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते नंतरचं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातून १,९०० जणांना घरी पाठवलं. मे महिन्यात बेथेस्डासोबत आलेला जपानचा टँगो गेमवर्क्स बंद करण्याची घोषणा झाली. वर्षभरापूर्वीच त्यांचा हाय-फाय रश आला होता आणि खेळणाऱ्यांनी, समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. बाग चांगली, घड चांगला, आणि मालक कापणीला येत नाही. सावद्याच्या बांधावर उभं राहून मी हे एकदा पाहिलं होतं. दुसरीकडेही निराळं नव्हतं. सोनीने २०२३ मध्ये घेतलेल्या फायरवॉक स्टुडिओचा काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद केला. दोन आठवडे! पुढच्या महिन्यात स्टुडिओही गेला. तिथे घडच कोणी घेतला नाही, हे खरं. पण शेत विकलं गेल्यावर एका पडलेल्या हंगामाने बांधच मोडतो, हे आधी नव्हतं.

टँगोला मात्र दुसरा व्यापारी भेटला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने त्यातले लोक आणि हाय-फाय रश आपल्याकडे घेतला. क्राफ्टन म्हणजे बीजीएमआयवाली. रावेरपासून नंदुरबारपर्यंत एसटी स्टँडवर जो पोरगा मान खाली घालून 'अरे कव्हर दे, कव्हर दे' ओरडतो, त्याच्या खेळाची कंपनी. माझ्या दुकानात ज्या फोनच्या काचा येतात त्यातल्या कित्येक त्याच खेळात रागाने आपटलेल्या. त्या रागाचा एखादा पैसा तोक्योतल्या स्टुडिओपर्यंत पोचला असेल, या कल्पनेने मला उगाचच बरं वाटलं.

दरम्यान कुलपं सैल होऊ लागली आहेत. मशीन विकून जेवढं मिळतं त्यापेक्षा गेम सगळीकडे विकून जास्त मिळतं, हा हिशोब मायक्रोसॉफ्टला उशिरा का होईना पटलेला दिसतो. आपले गेम ती आता प्लेस्टेशनवर आणते आहे. ज्याच्यासाठी त्या पोराने माझं डोकं खाल्लं होतं त्या हॅलोची पहिली मोहीम नव्याने बांधून २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर येणार, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. आणि मूळचा बंगी? तो २००७ मध्येच मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाला, २०२२ मध्ये सोनीने त्याला ३६० कोटी डॉलरला घेतलं. माळी एका दारात, बाग दुसऱ्या दारात, आणि आता त्या बागेचे घड माळ्याच्या दारात. ते पोरगं आता रेल्वेत लोको पायलट आहे. परवा चार्जर घ्यायला आलं तेव्हा मी सांगितलं. म्हणालं, "आता कोणाला वेळ आहे दादा," आणि लगेच विचारलं, "कितीला पडेल?"

गेल्या दिवाळीत माझा मुलगा सुट्टीला गावी, आप्पांकडे. त्याचा पीएस-फाइव्ह पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर नेला होता. माझ्या बहिणीचा मुलगा सुरतेला, त्याच्याकडे एक्सबॉक्स. दोघं फोन कानाला लावून सी ऑफ थीव्ह्ज खेळत होते. हा गेम बनवणारी रेअर ही एकेकाळी निन्टेंडोसाठी डाँकी काँग करायची. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला ३७.५ कोटी डॉलरला घेतलं आणि ३० एप्रिल २०२४ ला हा गेम प्लेस्टेशनवर आला. हे सगळं मी मुलाला सांगू लागलो तर तो म्हणाला, "बाबा, शीड ओढतोय मी."

आप्पा खाटेवर बसून बघत होते. नाव निम्मी पाण्यात, गळती लागलेली. एकजण फळ्या ठोकतोय, दुसरा बादलीने पाणी उपसतोय. आप्पांनी विचारलं, "हे दोन्ही पोरं एकाच नावेवर हायेत का रे?"

"हो आप्पा. एक इथे, एक सुरतेला."

"आन नाव कोनाची?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात दिवे गेले. टीव्ही काळा. गावातून एकच आरोळी उठली, अगदी पार्लरमधल्यासारखी. अंधारात फोनमधून भाच्याचा आवाज येत होता, "अरे कुठे गेलास? पाणी गुडघ्यापर्यंत आलंय! बादली मार ना!"